चपलेचा डिंक, चपलेचा रंग आणि कारागिराचे शरीर

कोल्हापुरी चप्पल पारंपरिक पद्धतीत चामड्याच्या वादीने शिवली जाते. तिला खिळा लागत नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचे क्षेत्र महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांत पसरलेले आहे. तिचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिनने कमावले जाते. टॅनिन कातड्यातील कोलॅजेनच्या तंतूंना बांधून ठेवते. लोहाच्या क्षारांशी त्याचा संयोग झाला की चामडे काळे पडते. म्हणजे कमावण्याचे द्रव्यच रंगाचाही पाया ठरते.

चिकटवण्यासाठी जगभर पूर्वापार वापरात असलेला सरस हाडे व कातडी उकळून मिळतो. तोही मूलतः कोलॅजेनच. मात्र तो गरम करून लावावा लागतो आणि ओल लागली की सुटतो. विसाव्या शतकात रबराच्या द्रावणांनी ही अडचण दूर केली. द्रावक उडून जाई, जोड पक्का बसे. पण उडालेला द्रावक कारागिराच्या श्वासात जाई.

त्याची किंमत वैद्यकाने पुढे मोजली. इस्तंबूलमधील पादत्राण कारागिरांत रक्ताच्या कर्करोगाचे 26 रुग्ण आढळल्याचे मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केले. हे कारागीर बेंझीनयुक्त डिंक वापरत असत. जपानमध्ये बेंझीनऐवजी हेक्झेन आले, तेव्हा 1960 च्या दशकात सँडल बनवणाऱ्यांचे हातपाय बधिर व दुर्बल होऊ लागले. हेक्झेनपासून शरीरात तयार होणारे 2,5-हेक्झेनडायोन चेतातंतूंना इजा करते. एका विषाची जागा दुसऱ्याने घेतली होती.

रंगांची कथा याहून वेगळी नाही. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला व्यापारी कृत्रिम रंग बनवला. पुढे आलेल्या ॲझो रंगांपैकी काहींचे विघटन होऊन कर्करोगकारक ॲमिन तयार होतात. जर्मनीने 1994 मध्ये, भारताने 1997 मध्ये अशा रंगांवर निर्बंध घातले. युरोपीय संघाने 2002 मध्ये चामड्यासाठीही किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली.

म्हणून डिंक निवडताना ‘बेंझीनमुक्त’ एवढा शब्द पुरेसा नाही. त्याच्या जागी काय घातले आहे, हेही विचारले पाहिजे. पाण्यावर आधारित डिंक सुकायला वेळ घेतो, तरी त्यात द्रावकाची वाफ फारच कमी असते. द्रावकाचा डिंक टाळता येत नसेल, तर काम खेळत्या हवेत व्हावे. चप्पल घालणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी ती एका कारागिराच्या हातांतून आणि श्वासांतून गेलेली असते.