दहा वर्षांचा व्हिसा आणि दोन वर्षांची नोंदणी

प्रवासास निघणारा मनुष्य पूर्वीं दोन गोष्टींची काळजी वाहत असे. एक शिदोरीची आणि दुसरी सोबतीची. हल्लींच्या प्रवाशास या दोहोंची फारशी ददात नाहीं. परंतु त्याच्या मागें तिसरीच एक काळजी लागली आहे, ती कागदांची. पासपोर्ट पाहिजे, त्यावर परदेशच्या सरकारचा व्हिसा पाहिजे, आणि अलीकडे कांहीं लोकांच्या बाबतींत व्हिसा हातांत असूनही घरून निघण्यापूर्वीं इंटरनेटवर आणखी एक नोंदणी करावी लागते. ही शेवटची अट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते. चार रकाने भरण्याचें काम, त्यांत इतिहास तो काय असणार, असें कोणी म्हणेल. परंतु असल्या कारकुनी गोष्टींच्या पोटांतच राज्यसत्ता आणि सामान्य मनुष्य यांच्यामधील संबंधाचा इतिहास पुष्कळदां दडलेला असतो. यास्तव या नोंदणीचें एक ठळक उदाहरण घेऊन तिची पूर्वपीठिका वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें उदाहरण चीन आणि अमेरिका यांच्यामधील आहे. 2014 पर्यंत चिनी नागरिकांस अमेरिकेचा व्यापारी किंवा प्रवासी व्हिसा मिळे, तो एक वर्षाच्या मुदतीचा असे. त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत अध्यक्ष ओबामा बीजिंग येथें गेले असतां, उभय देशांनीं परस्परांच्या नागरिकांस असे व्हिसे दहा वर्षांपर्यंत द्यावे असें ठरलें. व्यापाऱ्यांची सोय झाली. परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांस भेटूं इच्छिणाऱ्या आईबापांची तर विशेषच झाली. परंतु दहा वर्षांचा काळ थोडा नव्हे. तेवढ्या अवधींत माणसाचा पत्ता बदलतो, धंदा बदलतो, पासपोर्टही नवा होतो. आणि व्हिसा देतांना लिहून घेतलेली माहिती शिळी होऊन बसते. यावर अमेरिकन सरकारनें तोड काढली ती अशी. 29 नोव्हेंबर 2016 पासून, चिनी पासपोर्टावर दहा वर्षांचा व्यापारी वा प्रवासी व्हिसा असलेल्या प्रत्येकानें प्रवासापूर्वीं 'ईव्हस' या नांवाच्या सरकारी व्यवस्थेंत इंटरनेटवरून आपली माहिती भरलीच पाहिजे, असा नियम झाला. एकदां केलेली नोंदणी दोन वर्षें चालते. मध्यंतरीं व्हिसा किंवा पासपोर्ट संपल्यास तीही त्याबरोबर संपते. हाँगकाँग, मकाव आणि तैवान येथील पासपोर्टधारकांस ती लागू नाहीं. आरंभीं ती विनामूल्य होती. 2025 च्या कायद्यानें तिजवर तीस डॉलरांचें शुल्क बसविलें.

नोंदणी नसली तर विमानकंपनी प्रवाशास विमानांत घेत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नियमाची योजना अशी आहे कीं, नोंदणी न केलेल्याचा व्हिसा तात्पुरता रद्द समजावा, आणि ती पुरी होतांच तो पुन्हां सजीव व्हावा. म्हणजे ज्या कागदावर दहा वर्षें असें छापलें आहे, त्याचा प्राण वस्तुतः दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनीं चालतो. मग प्रश्न असा उद्भवतो कीं, सरकारनें दिलेला असा कागद हा करार समजावा, कीं केवळ मर्जी समजावी? हा प्रश्न आजचा नव्हे. चिनी प्रवाशांच्याच बाबतींत तो एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता, आणि त्याचें स्पष्ट उत्तरही मिळालें होतें.

त्या काळाची कल्पना येण्यासाठीं आपल्या परिचयाचा एक प्रवास आठवूं. डॉ. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्क येथें उतरल्या. या प्रवासापायीं त्यांस स्वजनांकडून काय काय ऐकून घ्यावें लागलें, हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु अमेरिकन सरकारची आगाऊ परवानगी ही अडचण त्यांच्या वाटेंत नव्हती. हिंदुस्थानांतून जाणाऱ्यास व्हिसाची अटच तेव्हां नव्हती. तीन वर्षांनीं पंडिता रमाबाई गेल्या, त्यांसही ती लागली नाहीं. मात्र त्याच सुमारास त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या चिनी माणसाची गोष्ट अगदीं निराळी होती.

कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याच्या दिवसांपासून चिनी मजूर तिकडे जाऊं लागले होते. 1869 मध्यें पुऱ्या झालेल्या, पूर्व व पश्चिम किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडील अवघड भाग मुख्यतः त्यांच्याच हातांनीं बांधला गेला. पुढें मंदी आली, मजुरी घसरली, आणि गोऱ्या मजुरांचा राग या परक्या, अल्पसंतुष्ट लोकांवर वळला. 6 मे 1882 रोजीं अध्यक्ष आर्थर यांनीं सही केलेल्या कायद्यानें चिनी मजुरांस दहा वर्षेंपर्यंत प्रवेशबंदी झाली. परंतु जे मजूर आधींपासून तेथें राहत होते, त्यांस मायदेशीं जाऊन परत येण्याची मुभा ठेवणें भाग होतें, कारण 1880 च्या तहानें चीनला तसें वचन दिलेलें होतें. यासाठीं दाखल्याची पद्धत निघाली. बंदर सोडणाऱ्या मजुरास जकात अधिकाऱ्यानें दाखला द्यावा. त्यांत त्याचें नांव, वय, धंदा, राहण्याचें ठिकाण आणि अंगावरील खुणा लिहाव्या. आणि तो दाखवील त्यास परत उतरूं द्यावें. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक यांस बंदी नव्हती. परंतु त्यांनींही आपल्या सरकारचा दाखला आणावा असा नियम होता. 1884 च्या दुरुस्तीनें त्यावर प्रवासास निघण्यापूर्वींच परदेशस्थ अमेरिकन प्रतिनिधीचा शेरा असणें आवश्यक केलें. या शेऱ्यासच व्हिसा म्हणत. प्रवाशाची चौकशी त्यानें घर सोडण्याआधींच उरकावी, ही आजची कल्पना त्या शेऱ्यांत बीजरूपानें दिसते.

आतां या दाखल्याचें पुढें काय झालें तें पाहूं. चाय चान पिंग नांवाचा एक चिनी मजूर 1875 पासून सानफ्रान्सिस्को येथें राहत होता. 1887 च्या जूनमध्यें त्यानें रीतसर दाखला घेतला व तो मायदेशीं गेला. 7 सप्टेंबर 1888 रोजीं तो हाँगकाँगहून 'बेल्जिक' या आगबोटीनें परत निघाला. बोट समुद्रांत असतांनाच, 1 ऑक्टोबर रोजीं, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं एका नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें दिलेले सारे दाखले एका फटक्यांत रद्द झाले. असे दाखले घेऊन गेलेले सुमारें वीस हजार लोक त्या वेळीं अमेरिकेच्या बाहेर होते, आणि त्यांतील कित्येक वाटेंत होते. चाय चान पिंग बंदरांत पोंचला तेव्हां कायदा होऊन एक आठवडाच लोटला होता. त्यानें दाखला पुढें केला. दाखला खरा होता, मनुष्य तोच होता, खुणा जुळत होत्या. परंतु त्यास उतरूं दिलें गेलें नाहीं.

त्यानें न्यायालयाकडे धांव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. 13 मे 1889 रोजीं न्यायमूर्ति फील्ड यांनीं एकमतानें झालेला निकाल सांगितला, तो थोडक्यांत असा: परकीयांस देशांत घेणें वा न घेणें हा सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे, तो तहानें किंवा दाखल्यानें कायमचा बांधून टाकतां येत नाहीं, आणि परत येण्याची जी मुभा चिनी मजुरास होती, ती सरकारची मर्जी असेपर्यंतच होती. निकाल कठोर खरा, पण त्यांत संदिग्धता नाहीं. परवानगीचा कागद हा हक्क नव्हे, हें तत्त्व तेव्हां प्रस्थापित झालें, आणि दहा वर्षांच्या व्हिसास दोन वर्षांच्या नोंदणीची वेसण घालणारा आजचा नियम त्याच तत्त्वावर उभा आहे.

जें हत्यार प्रथम एका लोकसमूहासाठीं घडविलें जातें, तें पुढें सर्वांवर चालूं लागतें. 1892 च्या कायद्यानें अमेरिकेंत राहणाऱ्या चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला घेण्याची सक्ती झाली, आणि पुढच्या वर्षीं त्यावर छायाचित्रही आवश्यक ठरलें. 1910 ते 1940 या काळांत सानफ्रान्सिस्कोजवळील एंजल बेटावर चिनी प्रवाशांस चौकशीसाठीं आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेही, अडकवून ठेवीत. त्यांनीं तेथील लांकडी भिंतींवर कोरलेल्या कविता आजही पाहावयास मिळतात. 1917 मध्यें बंदीची रेषा हिंदुस्थानापर्यंत आली आणि आपल्या मजुरांसही अमेरिकेचें दार बंद झालें. पहिल्या महायुद्धांत सगळ्याच राष्ट्रांनीं पासपोर्टाची सक्ती केली. ती युद्धापुरती म्हणून आली, परंतु युद्ध संपल्यावर गेली नाहीं. आपल्याकडे 1920 मध्यें पासपोर्टाचा कायदा झाला तो याच लाटेंत. 1924 च्या अमेरिकन कायद्यानें, वस्तीस येणाऱ्या परकीयानें आपल्याच देशांतील अमेरिकन कॉन्सलकडून व्हिसा घ्यावा, ही कायमची व्यवस्था करून टाकली. चिनी बंदी 1943 मध्यें उठली, परंतु वर्षास अवघ्या 105 जणांस वाट मिळाली. हिंदी लोकांस 1946 मध्यें 100 जणांची. ही संख्येची अडवणूक 1965 च्या कायद्यानें गेली. पण व्हिसा मात्र राहिला.

शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेस यंत्राची जोड मिळाली. कांहीं ठराविक देशांच्या प्रवाशांची विजेच्या साधनांनीं आगाऊ नोंद करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियानें 1996 मध्यें सुरू केली. अमेरिकेनें 2009 पासून तशीच सक्ती केली, कानडानें 2016 मध्यें तिचा स्वीकार केला, आणि मागाहून ब्रिटननेंही तोच मार्ग धरला. या सर्व ठिकाणीं नोंदणी आली ती व्हिसाच्या ऐवजीं. 'ईव्हस'चें वैशिष्ट्य हें कीं, ती व्हिसाच्या ऐवजीं नसून व्हिसाच्या उपर आहे. एक दार उघडून दिल्यावर त्याच्यामागें बसविलेलें तें दुसरें दार होय.

येथें साम्य फार ताणूं नये, हेंही आम्हांस सांगितलें पाहिजे. 1882 चा कायदा मजुरांस त्यांच्या वंशामुळें बाहेर ठेवण्यासाठीं होता. 2016 चा नियम चिनी प्रवाशांस येऊं देण्यासाठींच केलेल्या सवलतीचा एक भाग आहे. 1888 मध्यें मनुष्याचें वर्षानुवर्षांचें बिऱ्हाड गेलें. आज नोंदणीवांचून फार तर एखादा प्रवास खोळंबतो. शिवाय, नकार मिळावयाचाच असेल तर तो महिनाभर समुद्र ओलांडून गेल्यावर मिळण्यापेक्षां घरीं बसल्या मिळावा, यांत प्रवाशाचें निःसंशय हित आहे. चाय चान पिंग यास कोणी हाँगकाँग येथेंच ही वार्ता सांगितली असती, तर त्याचे भाड्याचे पैसे तरी वांचले असते.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. चाय चान पिंग हरला. तरीपण तो बंदरापर्यंत पोंचला होता, म्हणूनच त्यास वकील मिळाला, न्यायालय मिळालें, आणि त्याचें म्हणणें देशांतील श्रेष्ठ न्यायाधीशांस ऐकून घ्यावें लागलें. आज दार बंदरावरून निघून प्रवाशाच्या स्वतःच्या उंबऱ्याशीं येऊन बसलें आहे. शांघायमधील एखाद्या वृद्ध दांपत्याची नोंदणी मान्य झाली नाहीं, तर त्यांस धक्क्यावर कोणी अडवीत नाहीं, कारण तीं धक्क्यापर्यंत जातच नाहींत. त्यांच्यापुढें कोणी अधिकारी उभा नसतो, आणि घरीं बसलेल्या परकीयाची दाद घेण्यास अमेरिकन न्यायालयें सहसा तयार नसतात. फार तर नव्या व्हिसासाठीं पुन्हां अर्ज करावा. म्हणजे दार जसें घरीं आलें, तसें गाऱ्हाणेंही घरींच राहिलें.

तेव्हां अशा नोंदण्यांचा निषेध करावा असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या घरांत कोण येतो हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, आणि आपलेंही सरकार तो बजावतें. परंतु ज्यास आपण वचन दिलें, तो वाटेंत असतांना तें मोडूं नये. आणि मोडणें भागच पडलें, तर कारण सांगावें व त्याचें म्हणणें ऐकणारा एक तरी मनुष्य ठेवावा, एवढी मर्यादा सभ्य सत्तेनें पाळावी अशी अपेक्षा करणें गैर नव्हे. आज आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील मुलेंबाळें परदेशीं आहेत, आणि त्यांस भेटावयास जाणारे आईबाप दीर्घ मुदतीच्या व्हिशांवरच विसंबून असतात. हिंदी पासपोर्टास 'ईव्हस' लागू नाहीं. तथापि जो नियम आज शेजाऱ्याच्या दारीं आहे तो उद्यां आपल्या दारीं येऊं शकतो, हें 1882 पासून 1917 पर्यंतचा इतिहास सांगतच आहे. अशा वेळीं हातांतील कागदावर दहा वर्षें लिहिलीं आहेत एवढें पाहून निर्धास्त न होतां, तो कागद कोणाच्या मर्जीवर उभा आहे, हेंही ध्यानांत असूं द्यावें.