तयार माणसे आणायची कुठून?

मंडळी, औषध कंपन्यांना हवी तशी माणसे मिळत नाहीत, ही तक्रार हल्ली वरचेवर कानावर येते. दुसरीकडे बी.फार्म. झालेली मुले नोकरी शोधत असतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे असा पेच दिसला की आधी मागे वळून बघायची खोड आहे.

माझ्या पिढीला डॉक्टरांचे कंपाउंडर आठवत असतील. पुड्या बांधणारे, बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोस दाखवणारे. पुष्कळजण हे काम डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघूनच शिकत. १९३० साली सरकारने रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. औषधांतली भेसळ आणि शिक्षण नसलेले हात, दोन्हींवर तिने बोट ठेवले. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचे शिक्षण सुरू केले. पुढे १९४८ च्या फार्मसी कायद्याने फार्मासिस्टची नोंदणी आली.

ही झाली औषध देणाऱ्यांची गोष्ट. औषध बनवणाऱ्यांचे काय? आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन बुरशीपासून मिळते. मोठाल्या टाक्यांत ती वाढवायची, सतत निर्जंतुक हवा सोडायची, तापमान सांभाळायचे. परका जंतू शिरला की अख्खा घाणा वाया! घरी विरजण बिघडले तर पातेलेभर दूध जाते, इथे टाकीच्या टाकी जाणार. हे नुसते पुस्तक वाचून कसे जमावे? टाकीजवळ उभे राहूनच ते हातात बसते.

तेव्हा असे काम येणारी तयार माणसे देशात जवळजवळ नव्हतीच. म्हणून यंत्रांबरोबर माणसे घडवणे हाही कारखाना उभारण्याचाच भाग होता. आज कंपनी म्हणते कॉलेजने शिकवावे, कॉलेज म्हणते कंपनीत गेल्यावर शिकतील. मधल्या मध्ये पोरगा लटकतो.

मला तरी वाटते, ज्याला कुशल हात हवेत त्याने शिकवण्याचा थोडा भार उचललाच पाहिजे. शिकाऊ माणसाच्या हातून चार घाणे बिघडणार, तो खर्च शिक्षणाचाच धरावा. तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.