गोदाकाठचे शून्य आणि मोबाईलवरचा कॅलक्युलस

पाथरीचे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुतेक साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. गणिताच्या इतिहासात मात्र परभणी जिल्ह्यातले हे गाव पाचशे वर्षांपासून आहे, पार्थपूर या नावाने. ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्याने १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला तो इथलाच. त्याचा मुलगा सूर्यदास हा तर विलक्षण माणूस. सरळ वाचले की रामाची आणि उलट वाचले की कृष्णाची कथा सांगणारे विलोमकाव्य त्याने रचले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये त्याने टीका लिहिल्या.

‘लीलावती’त शून्याच्या क्रियांचे एक छोटे प्रकरण आहे. शून्याने गुणलेली संख्या, पुढे आणखी क्रिया करायच्या असतील तर, लगेच शून्य मानून सोडून देऊ नये, असा त्यातला नियम. सोबत एक उदाहरण दिले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्यात त्याचे निम्मे मिळवले, तीनने गुणले, शून्याने भागले आणि उत्तर ६३ आले, तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर १४. शून्य भागिले शून्य हे रूप टाळता येत नाही आणि तरीही त्यातून नेमकी संख्या काढायची आहे, ही अडचण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सीमा (लिमिट) शिकणाऱ्या मुलाला आजही तशीच भेटते. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही भास्कराचार्य नोंदवतात. ग्रहाची त्या-त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त मांडलीच होती. याला आजचे कलन (कॅलक्युलस) म्हणणे अतिशयोक्ती होईल, कारण सीमेची व्याख्या तिथे नाही. पण प्रश्न ओळखला गेला होता आणि तो पाथरीत अभ्यासला जात होता, हे लहान काम नव्हे.

ही विद्या इथे टिकली मात्र नाही. गोदाकाठच्याच गोलग्रामच्या दिवाकर ज्योतिष्याचे घराणे काशीला गेले. त्याचा पणतू कमलाकर याने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला तो काशीत. शिकायचे तर गाव सोडायचे, ही रीत पुढे कित्येक पिढ्या चालली.

निजामाच्या राजवटीत तिची दिशा बदलली, इतकेच. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे झाली आणि परभणीचा मुलगा हैदराबादला जाऊ लागला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम निवडले. पाश्चात्त्य गणिताची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी तिथे स्वतंत्र भाषांतर विभाग होता. एका भारतीय भाषेत कलन शिकवण्याचा हा मोठा आणि गंभीर प्रयत्न होता; त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी माध्यमाची भाषा आणि मग गणित, अशा दोन चढणी चढाव्या लागत. १७ सप्टेंबर १९४८ ला राजवट संपली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. पुढे खुद्द परभणीत श्री शिवाजी, ज्ञानोपासक अशी महाविद्यालये उभी राहिली. १९९४ पासून ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पुस्तके मात्र इंग्रजीच राहिली. शांतिनारायण यांचे ‘डिफरन्शिअल कॅलक्युलस’ देशभरच्या गणिताच्या मुलांना ठाऊक होते.

दूरवरचा शिक्षक पडद्यावर आला तो १५ ऑगस्ट १९८४ ला, दूरदर्शनवरच्या यूजीसीच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’मधून. कार्यक्रम इंग्रजीत, ठरलेल्या वेळी. थांबवून पुन्हा पाहण्याची सोय नाही. गणिताला ते पुरेसे नव्हते. सिद्धतेची एक ओळ निसटली की पुढच्या दहा ओळी वाया जातात.

२००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने एनपीटीईएल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि ९ जुलै २०१७ ला ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचाचे उद्घाटन झाले. आता जिंतूर किंवा गंगाखेडचा मुलगा आयआयटी कानपूरच्या जॉयदीप दत्तांचा कॅलक्युलस घरी बसून, हवा तितक्या वेळा मागे नेऊन ऐकू शकतो. अशा अभ्यासक्रमांचे क्रेडिट पदवीत धरायला यूजीसीने २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ गुण आणि शेवटच्या परीक्षेला ७५. ही परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते.

२०२० च्या टाळेबंदीत पडद्यावरून शिकणे ऐच्छिक राहिले नाही. कॅलक्युलसला त्यातही वेगळी अडचण होती: चॅटमध्ये संकलनाचे चिन्ह टाइप करणे जमत नाही. मग वहीत गणित सोडवायचे, फोटो काढायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा.

पडद्याची खरी मर्यादा एका साध्या गणितात दिसते. x शून्याकडे जाताना साइन x भागिले x ची सीमा १ येते. मुलगा कॅल्क्युलेटरवर x ला ०.०१ धरून पाहतो आणि उत्तर येते ०.०१७४५. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला, गणिताला हवे रेडियन. वर्गात बाकामागे उभ्या असलेल्या सरांना हे क्षणात दिसते. व्हिडिओला दिसत नाही. गंमत म्हणजे जुन्या ज्योतिष्यांना ही अडचण आलीच नसती. त्यांच्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरलेली असे, त्यामुळे २२५ कलांच्या कोनाची ‘ज्या’, म्हणजे साइन, हीसुद्धा २२५ च यायची.

एनपीटीईएलने महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ आणि मार्गदर्शक शिक्षकांची सोय ठेवली आहे ती याचसाठी मोलाची. तालुक्याच्या महाविद्यालयांनी ती कागदावर ठेवू नये. आठवड्याची असाइनमेंट जमा झाली की गणिताच्या प्राध्यापकांनी तासभर मुलांना समोर बसवून वह्या पाहाव्यात, आणि हा तास त्यांच्या कार्यभारात धरला जावा.