वस्तऱ्यावरची चांदी

जुने वस्तरे जमवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी इंग्लंडमधल्या शेफील्ड गावचा, पात्यावर 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का असलेला वस्तरा येतोच. या पोलादात खरोखर चांदी असते का? प्रश्न साधा आहे, पण त्याचा माग काढू लागलो की आपण थेट मुंबईला येऊन पोचतो.

१७९० च्या दशकात मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट नावाचे इंग्रजी कंपनीचे डॉक्टर होते. त्यांनी 'वूट्झ' या देशी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे परीक्षण केले आणि १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले होते! मुंबई हे फक्त पाठवण्याचे बंदर. पोलाद दक्षिण भारतातल्या कारागिरांचे. लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाने मातीच्या मुशीत बंद करून ते तापवत. त्यातून एक ते दोन टक्के कार्बन असलेले कठीण पोलाद मिळे.

लंडनचे शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांना ते फार आवडले. पुढे त्यांनी तरुण मायकेल फॅरडे यांच्याबरोबर काम सुरू केले. फॅरडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे विश्लेषण केले. त्यात ॲल्युमिनियम आहे आणि त्यामुळेच ते चांगले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता. पण मग इतर धातू मिसळून काय होते ते पाहू, म्हणून दोघांनी प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल, चांदी असे एकेक धातू पोलादात वितळवून पाहिले. मिश्रपोलादांचा पद्धतशीर अभ्यास असा सुरू झाला. आम्हाला तर ही चूक अनेक बरोबर उत्तरांपेक्षा मोलाची वाटते.

चांदी मात्र हट्टी निघाली. जास्त घातली तर पोलाद थंड होताना तिचे थेंब बाहेर येत. पाचशे भाग पोलादाला एक भाग एवढीच घातली, तेव्हा ती मुरली असे त्यांना वाटले. आज आपल्याला माहीत आहे की लोखंडात चांदी जवळजवळ विरघळतच नाही. फॅरडे आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत. शेफील्डच्या कारखानदारांनी त्या प्रयोगांचा गाजावाजा ऐकला आणि 'सिल्व्हर स्टील' हे नाव पात्यांवर उमटू लागले. तेव्हा शिक्का हा चांदीचा पुरावा नव्हे. ब्रिटनमध्ये आजही या नावाने चकचकीत पोलादी सळई मिळते. तिच्यात सुमारे एक टक्का कार्बन असतो, चांदी नसते.

मग जुना वस्तरा घेताना पाहायचे काय? पाठ. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे घासताना कोन आपोआप कायम राहतो. पाठ एका बाजूला जास्त झिजली असेल, तर कोन बिघडला आहे असे समजावे. दगड पोलाद झिजवून नवी धार काढतो. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढायचा, म्हणजे वाकलेली धार सरळ होते. हे दर दाढीपूर्वी करावे लागते. न्हाव्याच्या धोकटीत पट्टा हमखास असे तो त्यासाठीच.

पण केस तर पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये आजची पाती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे पाहिले. केस वाकला आणि धारेवर तिरका ताण आला की तिचा बारीक टवका उडतो. टवका उडतो तो जिथे पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसते, कठीण आणि मऊ भाग शेजारी असतात, तिथे.