द्विनेत्री दुर्बीण व रानपिंगळ्याचा शोध

दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी मोठी करून पाहण्याच्या साधनास द्विनेत्री दुर्बीण म्हणतात. युद्ध, नौकानयन व शिकार ह्यांसाठी ती प्रथम प्रचारात आली. तथापि विसाव्या शतकात पक्षिनिरीक्षणात तिने बंदुकीची जागा घेतली. खानदेश व वऱ्हाडातील सातपुड्याच्या रांगांत राहणाऱ्या रानपिंगळ्याच्या शोधाच्या इतिहासात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकातील हाती धरण्याच्या दुर्बिणी बहुधा गॅलिलीओच्या रचनेच्या, अल्प विवर्धनाच्या व अरुंद दृष्टिक्षेत्राच्या होत्या. इटालियन शास्त्रज्ञ इग्नात्स्यो पोरो ह्याने १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा सुलट करण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. ह्या युक्तीने प्रकाशाचा मार्ग दुमडला जाऊन नळी आखूड होते. जर्मनीतील येना येथील त्साइस कारखान्याने एर्न्स्ट आबे ह्याच्या मार्गदर्शनाखाली १८९४ मध्ये लोलकयुक्त दुर्बिणी विक्रीस आणल्या. अशा दुर्बिणीवरील ८×४० ह्या अंकांपैकी पहिला विवर्धन, तर दुसरा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो. दुसऱ्या अंकास पहिल्याने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. तो जितका मोठा, तितकी पहाटेच्या व दाट झाडीतील मंद उजेडात दुर्बीण अधिक उपयोगी पडते.

अशी साधने हाती येण्यापूर्वी पक्ष्याची ओळख पटविण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे त्यास मारून त्याचे कातडे जतन करणे हा होता. एफ्. आर्. ब्लुइट ह्याने १८७२ मध्ये मध्य भारतात मिळविलेल्या अशाच एका नमुन्यावरून ॲलन ह्यूम ह्याने १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे प्रथम वर्णन केले व जातीस ब्लुइटचे नाव दिले. त्यानंतर मोजकेच नमुने हाती आले. त्यांपैकी बहुतेक खानदेशातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन ह्याने जमविले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसल्याची विश्वसनीय नोंद झाली नाही.

ह्यास एकच अपवाद मानला जाई. रिचर्ड माइनर्ट्सहागन ह्या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर गुजरातेतील मांडवी हे स्थळ व १९१४ हे वर्ष नोंदलेले होते. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन ह्यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले, तेव्हा हा नमुना डेव्हिडसनच्या संग्रहातून चोरून, पुन्हा भरून व खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे उघड झाले. प्रत्यक्ष हाती असलेला पुरावाही खोटा असू शकतो, हे ह्यावरून दिसून आले. ह्या नोंदीवर विसंबून पूर्वी काही शोध चुकीच्या प्रदेशात घेण्यात आले होते.

खोटी नोंद वगळून जुन्या खऱ्या स्थळांचा शोध घेताना रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी पुन्हा आढळलेल्या ह्या पक्ष्यास मारण्यात आले नाही. निरीक्षण, छायाचित्रे व चित्रफीत ह्यांवरच त्याची ओळख सिद्ध करण्यात आली. वस्त्यांजवळ सर्वत्र आढळणारा ठिपकेदार पिंगळा आणि रानपिंगळा ह्यांची लांबी सु. २१ ते २३ सेंमी. असल्याने नुसत्या डोळ्यांना ते सारखेच भासतात. दुर्बिणीतून मात्र रानपिंगळ्याचा जवळजवळ ठिपकेविरहित माथा, पंख व शेपटीवरील रुंद पांढरे पट्टे, पोटाचा स्वच्छ पांढरा खालचा भाग आणि दणकट पाय ही लक्षणे ओळखता येतात. तो दिवसाही वावरतो, हे निरीक्षकाच्या पथ्यावर पडते.

त्यानंतरच्या पाहण्यांत मेळघाटातील सागाच्या कोरड्या पानझडी वनांतही हा पक्षी आढळला. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून, अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील नरनाळा अभयारण्यही त्याच्याच क्षेत्रात येते. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही रानपिंगळ्याची नोंद झाली. अशा नव्या नोंदींमुळे २०१८ मध्ये त्यास जागतिक सूचीत ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गातून ‘संकटग्रस्त’ ह्या वर्गात आणण्यात आले.

पिंगळ्याच्या बोलीवरून शकुन सांगणारे पिंगळा जोशी महाराष्ट्रात पूर्वीपासून परिचित आहेत; घुबड मात्र सामान्यतः अपशकुनी मानले जाते. ही समजूत व वनांचा ऱ्हास ह्या दोहोंचा उपद्रव रानपिंगळ्यास पोहोचतो. वन उरले नाही, तर उत्तम दुर्बिणीसही पाहण्याजोगे काही उरणार नाही. म्हणून निरीक्षणाबरोबरच अधिवासाचे रक्षणही तितकेच आवश्यक ठरते.