निसार : उधळण्यासाठी पाडलेले नाणे

'निसार' या मूळ अरबी शब्दाचा अर्थ उधळणे, ओवाळून टाकणे. 'जाँनिसार' म्हणजे जीव ओवाळून टाकणारा, हे आपण जाणतो. परंतु मोगल काळात याच नावाचे चांदीचे नाणे होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. बाजारासाठी नव्हे, तर खुशीच्या प्रसंगी उधळण्यासाठी ते पाडले जाई.

बादशहा जहांगीरने (१६०५–१६२७) तख्तावर आल्यावर नाण्यांना नवी नावे दिली. 'तुजुक-ए-जहांगीरी' या आत्मचरित्रात ती नोंदलेली आहेत. चांदीच्या पाव तोळ्याच्या नाण्याला त्याने 'निसारी' म्हटले, तर एक दशांश तोळ्याच्या नाण्याला 'खैर कबूल', म्हणजे दान मान्य होवो!

नाणे लहान, पण कसब मोठे. मोगल टांकसाळीतील कामाची वाटणी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सांगितली आहे. जर्राब वजनाबरहुकूम चकत्या कापी. मुहरकन पोलादी ठशावर अक्षरे कोरी, तीही उलटी, म्हणजे नाण्यावर सुलटी उमटावीत. सिक्कची दोन ठशांमध्ये चकती ठेवी आणि हातोड्याच्या घावाने दोन्ही बाजू उठत. बोटाच्या पेराएवढ्या जागेत 'निसार' हा शब्द, बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव आणि साल बसवायचे, म्हणजे खुशनवीसाची कसोटीच.

पण ही चांदी नेहमी गरिबाच्याच पदरात पडे असे नाही. १६१७ साली मांडूला जहांगीरच्या वाढदिवशी इंग्रज वकील सर टॉमस रो हजर होता. त्या दिवशी बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम, फळे आणि मसाले उधळले. ते वेचायला बडेबडे उमराव जमिनीवर पालथे पडले. रो वाकला नाही, तेव्हा बादशहाने एक थाळी त्याच्या झग्यात ओतली. त्यातही उमरावांनी हात घातले. रोच्या अंदाजाने त्या हजारो नगांचे वजन साठ रुपयांइतकेही नव्हते.

'खैर कबूल' ही अल्लाहच्या दरबारातील विनंती आहे, तर उधळण हा बादशहाच्या दरबाराचा थाट. एकाच परंपरेत दोन्ही नांदत होते. आज आपल्याकडे निकाहनंतर खारका उधळतात, ती खुशीची वाटणी असते. पण वरातीत नोटांची दौलतजादा होते आणि पोरे पायांखाली शिरून त्या वेचतात, तेव्हा विचारावेसे वाटते : आपण काय ओवाळून टाकतो आहोत, पैसा की घेणाऱ्याची इज्जत?