पंचावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट

तेलंगणाने २०२१ मध्ये सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६१ केले, तेव्हा आपल्या हैदराबादेतील मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांना १९८३ साल आठवले असेल. तेव्हा वारे नेमके उलटे होते.

एन. टी. रामाराव त्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले आणि महिनाभरात त्यांनी हे वय ५८ वरून ५५ वर आणले. २८ फेब्रुवारीला अठरा हजारांहून अधिक सरकारी नोकर आणि सार्वजनिक उपक्रमांतले सुमारे दहा हजार घरी बसले. हुकूम काढणारे स्वतः ५९ वर्षांचे होते. राजकारणाला हा नियम लागत नाही, इतकेच.

कारण सांगितले ते सुशिक्षित तरुणांना नोकऱ्या देण्याचे. वाचकहो, हे पटण्याजोगे वाटते. पण कचेरी म्हणजे बसमधली सीट नव्हे, की एक उठला आणि दुसरा बसला. सुपरिंटेंडेंट गेला की हेडक्लार्क वर सरकतो, त्याच्या जागी क्लार्क, आणि तरुणाच्या वाट्याला येते ती सगळ्यांत खालची खुर्ची. खजिन्यावर मात्र नव्याचा पगार आणि जुन्याची तीन वर्षे आधी सुरू झालेली पेन्शन असा दुहेरी भार पडतो, ग्रॅच्युइटी वेगळीच. घरी तर पंचावन्नावे वर्ष म्हणजे खर्चाचा कळस: मुलीचे लग्न, मुलाचे कॉलेज, घराचे हप्ते. नोकरीत उशिरा लागलेल्याची पेन्शनही तोकडी, कारण ती सेवेच्या वर्षांवर ठरते.

म्हणून वय वाढवले की सगळे भले, असेही मी म्हणणार नाही. साऱ्या बाजारपेठेत काम ही मोजकी भाकरी नसते; कमावता ज्येष्ठ खर्च करतो आणि त्यातून दुसऱ्याला काम मिळते. सरकारी कचेरीत मात्र मंजूर पदे ठरलेली असतात. तिथे ५८ चे ६१ झाले की तीन वर्षे निवृत्तीमुळे जागा जवळजवळ रिकाम्याच होत नाहीत. अशोकनगरच्या क्लासात स्पर्धापरीक्षेसाठी बसलेल्या मुलाची तक्रार त्यामुळे खोटी नाही. शिवाय ग्रॅच्युइटीची रक्कम पुढे ढकलण्याचा मोह कोणत्या अर्थमंत्र्याला होत नाही? दुसरीकडे तेलंगणात एका बाईमागे सरासरी १.८ मुले उरली आहेत. पुढे कमावते हात कमी आणि पेन्शनर अधिक, हा हिशेब टळणारा नाही.

१९८३ चा शेवट ऐका. ऑगस्ट १९८४ मध्ये, रामाराव सत्तेबाहेर असतानाच्या त्या महिनाभरात, वय पुन्हा ५८ झाले. परत आल्यावर त्यांच्या सरकारनेही तेच कायम केले. मधल्या काळात घरी गेलेले मात्र अडकले. जानेवारी १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पंचावन्नाचा निर्णय वैध ठरवला, तेव्हा त्यांची आशा मावळली असेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या निकालाने वाढीव वयाचा लाभ त्यांनाही दिला. अठ्ठावन्न न उलटलेले कामावर परतले. ज्यांचे उलटले होते, त्यांना भरपाई मिळाली, खुर्ची नाही.